लेसमधली लढाई आणि वऱ्हाडचे पंचवीस लाख

महायुद्धांची स्मारके बहुतेक दगडाची किंवा पितळेची असतात. काही गावांनी तर तोफाच चौथऱ्यावर चढवून ठेवल्या आहेत. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने आपले स्मारक सुतात विणले. पंधरा फूट लांब आणि पाच फूट पाच इंच रुंद असा हा लेसचा पट आहे. प्रदर्शनात तो उभा टांगतात आणि मागे गडद कापड लावतात, कारण त्याशिवाय काही दिसत नाही. सगळी नक्षी फिकट सुताची आणि उरलेली जागा भोकांची. कापड लावले की चित्रे पुढे येतात. ज्वाळांनी वेढलेला सेंट पॉलचा घुमट दिसतो, गिल्डहॉल दिसतो. आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन विमाने आहेत, त्यांच्याशी झुंजणारी जर्मन विमाने आहेत, छत्रीने खाली येणारा वैमानिक आहे. अधूनमधून गव्हाच्या ओंब्या आहेत, कारण ही लढाई सुगीच्या दिवसांत झाली. आणि थोडक्यांचे अनेकांवर ऋण झाल्याचे चर्चिलचे ते प्रसिद्ध वाक्यही अक्षर न् अक्षर विणलेले आहे.

ही लढाई म्हणजे १९४० सालची ‘बॅटल ऑफ ब्रिटन’. अधिकृत तारखा १० जुलै ते ३१ ऑक्टोबर. तारखा काटेकोर लावायच्या तर पटावर थोडी सरमिसळ आहे. सेंट पॉलला वेढणारी मोठी आग २९ डिसेंबरच्या रात्रीची, म्हणजे लढाई कागदोपत्री संपल्यावर दोन महिन्यांनी लागलेली. पण विणकराने दोन्ही एकाच आकाशाखाली आणले, आणि लंडनच्या माणसाच्या आठवणीतही ते तसेच एकत्र राहिले असणार.

अमरावती-अकोल्याच्या माणसाने या पटाकडे का बघावे? त्यात आपले सूत नाही, आपल्या माणसाचे चित्र नाही. पण ज्या थोडक्यांचे ऋण त्यावर विणले आहे, त्यांच्यातल्या दोन लढाऊ तुकड्यांच्या नावात हैदराबाद होते. आणि हैदराबादच्या खजिन्यात दर साल वऱ्हाडचे पंचवीस लाख रुपये जमा होत होते. वऱ्हाडने हे युद्ध पाहिले नाही, मागितले नाही, त्याच्या पुढाऱ्यांनी तर त्याला उघड विरोध केला. तरी जमाखर्चाच्या वहीतून वऱ्हाड त्या आकाशात पोचलेच होते. ही गोष्ट त्या वहीची आहे.

आधी लेस. नॉटिंगहॅमच्या ‘डॉब्सन्स अँड एम. ब्राउन’ या कंपनीत हॅरी क्रॉस नावाचा आरेखक होता. पटाची कल्पना कागदावर उतरवायला आणि यंत्राला कळेल अशी करायला दोनेक वर्षे गेली. चित्र काढून भागत नाही. ते चौकटी-चौकटींच्या कागदावर मोठे करून प्रत्येक चौकटीत रंग भरावा लागतो. कोणत्या जागी धागा भरायचा, कुठे आडवा न्यायचा, कुठे भोक सोडायचे हे त्या रंगांवरून ठरते. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची. या जकार्ड पट्ट्या यंत्रात एकामागून एक सरकतात आणि भोक असेल तसा धागा हलतो. इचलकरंजीच्या किंवा येवल्याच्या विणकराला हे सांगायला नको. जकार्ड त्याच्या ओळखीचे. मात्र या एका पटाला अशा सुमारे चाळीस हजार पट्ट्या लागल्या. एक पट यंत्रावरून उतरायला आठवडा लागे. १९४२ ते १९४६ या काळात असे सुमारे ३८ पट विणले गेले आणि नंतर पट्ट्या नष्ट केल्या. म्हणजे आता तो पट पुन्हा विणता येत नाही.

युद्धकाळात नॉटिंगहॅमला लेस करायची मुभा सहसा नव्हती. पडद्यांची लेस विणणारी यंत्रे मच्छरदाण्या आणि लष्करी सामान झाकायच्या जाळ्या विणत होती. खुद्द शहरावर मे १९४१ मध्ये बाँब पडले होते. अशा दिवसांत एवढे नाजूक काम हाती घेण्यामागे कारागिरीचा हट्ट होता: कसबी माणसांचा हात मोडू नये, आणि युद्ध संपल्यावर हे शहर काय करू शकते ते जगाला दिसावे. राजा सहावा जॉर्ज आणि चर्चिल यांना पट भेट दिले गेले. वेस्टमिन्स्टर ॲबी, लंडन शहर, नॉटिंगहॅम शहर, हवाई दलाची ठाणी आणि राष्ट्रकुलातले काही देश यांच्याकडेही ते गेले. एक पट ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहे.

सूत मात्र इजिप्तचे. लेसला लागतो तो लांब तंतूचा, तलम आणि दोन पदरी पिळलेला धागा. वऱ्हाडचा कापूस त्या कामाचा नव्हताच, आणि त्याची एक जुनी कहाणी आहे. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्याच नावाने विकला जाई; व्यापारी त्याला ‘ऊमरा’ म्हणत. रेल्वे येण्याआधीही अमरावतीचा व्यापार थोडाथोडका नव्हता. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस पाठवल्याची नोंद गॅझेटियरात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा इंग्रजांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. जी.आय.पी. रेल्वे बडनेऱ्यावरून पुढे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. १८७० मध्ये खामगावची फाट्याची लाइन सुरू झाली तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो खुद्द खामगावात आला होता. एका फाट्याच्या लाइनीसाठी लाटसाहेब येतो, तेव्हा त्याला त्या गावाची नव्हे, तिथल्या गठाणींची ओढ असते.

या तेजीत एक गोष्ट हरवली. वऱ्हाडात पूर्वी ‘बनी’ नावाची देशी कपाशी होती, तिचा तंतू तुलनेने लांब आणि मऊ. तिच्या जागी हळूहळू ‘जरी’ आली: तंतू आखूड आणि खरबरीत, पण झाड काटक आणि रेच्यातून रुईचा उतारा जास्त. खरेदीदार वजनावर पैसे देत होता, तंतूवर नाही. शेतकऱ्याने हिशेब बरोबरच केला, असे माझे मत आहे. दोष द्यायचा तर भाव ठरवणाऱ्याला द्यावा. परिणाम असा की विसाव्या शतकात ‘ऊमरा’ म्हणजे जाडेभरडे कापड विणायचा कापूस ठरला. त्याचे मोठे गिऱ्हाईक इंग्लंड उरले नाही, जपान झाले. रॅली ब्रदर्स, व्होलकार्ट यांच्याबरोबर जपानी कंपन्यांचे खरेदीदारही वऱ्हाडच्या बाजारांत दिसू लागले. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला तेव्हा अकोल्या-खामगावच्या अडत्यांचे धाबे दणाणले. पुढच्या वर्षी झालेल्या करारात जपानने दहा लाख गाठी घ्यायच्या आणि त्या बदल्यात इथे कापड विकायचे असे ठरले, तेव्हा कुठे बाजार सावरला.

आता वहीची दुसरी बाजू, म्हणजे पंचवीस लाख कुठून आले ते.

वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. अमरावतीचा परकोट त्याच राजवटीत, पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून १८०७ मध्ये उभा राहू लागला; अंबागेट आणि जवाहर गेटमधून जाताना आजही आपण त्याच भिंतीतून जातो. इंग्रजांनी निजामाच्या गळ्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज बांधली आणि तिचा खर्च त्याच्या डोक्यावर ठेवला. खर्च थकला, कर्ज झाले. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले, फौजेच्या खर्चापोटी. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले आणि कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. काळ्या मातीचा, कापसाचा, रेल्वेच्या वाटेवरचा मुलूख कोण सोडेल? दिवाण सालारजंग यांनी तो परत मिळवण्यासाठी जन्म घालवला, १८७६ मध्ये थेट इंग्लंडला जाऊन आले, पण हात हलवत.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हा वाद आपल्या पद्धतीने मिटवला. तो हैदराबादला गेला, निजाम महबूब अली खान यांच्याशी बोलला आणि ५ नोव्हेंबरच्या करारान्वये वऱ्हाड इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. मालकी नावापुरती निजामाची, राज्य इंग्रजांचे, आणि भाडे दर साल २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. निजामाला ‘जी.सी.बी.’ हा मानाचा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लावला: कर्झनला बेरार देऊन टाकले! साम्राज्याच्या दरबारी इतिहासात इतका नेमका विनोद क्वचित सापडतो. ज्यांच्या शेतातून ते २५ लाख उभे राहायचे त्यांना कोणी विचारले नव्हते हे वेगळे सांगायला नको.

हे भाडे सरकारी महसुलातून जाई, आणि वऱ्हाडचा महसूल म्हणजे मुख्यतः जमिनीचा सारा. सारा भरला जाई पऱ्हाटीवर. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते, बंड्या भरून कापूस बाजारात जातो, अडत्या भाव बोलतो, हातात रोकड येते आणि तिच्यातला एक वाटा पाटील-पटवाऱ्याकडे जातो. तिथून तहसील, तहसिलीतून नागपूर, नागपूरहून हैदराबाद. रुपयावर कोणाच्या शेताचे नाव छापलेले नसते. म्हणून अमुक विमान वऱ्हाडच्या पैशाने उडाले असे कोणी दाखवून देऊ शकणार नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. पण ज्या खजिन्यातून विमाने दान झाली, त्या खजिन्याच्या बांधीव उत्पन्नात वऱ्हाडचे भाडे होते, एवढे ठाम म्हणता येते.

पहिले दान पहिल्या महायुद्धातले. निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांच्या हवाई दलाला एका तुकडीची विमाने दिली. तुकडीचा क्रमांक ११०, विमाने ‘डी.एच. ९ ए’ जातीची, दोन माणसे बसणारी बाँबफेकी. १९१८ च्या उन्हाळ्याअखेर ही तुकडी फ्रान्सला गेली. प्रत्येक विमानावर निजामाने दिल्याचा मजकूर रंगवलेला होता. तुकडीच्या नावाला ‘हैदराबाद’ जोडले गेले ते कायमचे. त्याच वर्षी निजामाला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी आणि ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला.

त्यातले एक विमान आजही आहे. त्याचा क्रमांक एफ १०१०. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मन हद्दीत उतरले, दोघे वैमानिक कैद झाले. विमान बर्लिनच्या संग्रहात गेले, दुसऱ्या युद्धात तिथून पूर्वेकडे हलवले गेले आणि पोलंडच्या क्राकुफ शहरात राहिले. १९७७ मध्ये इंग्लंडने एक स्पिटफायर देऊन ते बदल्यात मिळवले. आज ते लंडनच्या हेंडन भागातल्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे आणि त्याच्या अंगावर निजामाचे नाव वाचता येते. स्पिटफायर देऊन निजामाचे विमान घेणे, हा व्यवहार पाहिला की वाटते, या गोष्टीला तिचे दोन्ही दुवे आपसूकच सापडले.

दोन युद्धांच्या मधल्या काळात निजामाने वऱ्हाड परत मागून पाहिले. १९२३ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला लांबलचक पत्र पाठवले. त्याला लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये दिलेले उत्तर संस्थानांच्या इतिहासात गाजले: ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येत नाही. मुलूख मिळाला नाही, पण १९३६ च्या कराराने मान मिळाला. निजाम ‘हैदराबाद आणि बेरारचे’ निजाम झाले. थोरले शहजादे आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, आणि त्यांच्या पत्नी दुर्रुशेहवार या ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाल्या. दुर्रुशेहवार या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या कन्या. इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेली ही स्त्री कागदोपत्री अकोल्या-अमरावतीची युवराज्ञी होती, हे आज खरे वाटत नाही. वऱ्हाडात युनियन जॅकशेजारी निजामाचा पिवळा झेंडा फडकावण्याचेही ठरले.

मग १९३९ आले. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी पुढाऱ्यांना न विचारता देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, इंग्रजांनी जर्मनीवर पहिला बाँबहल्ला केला तो विल्हेल्म्सहाफेनच्या युद्धनौकांवर. त्या हल्ल्यात ११० क्रमांकाची तुकडी होती, म्हणजे तीच ‘हैदराबाद’. ऑक्टोबरमध्ये दोन लढाऊ तुकड्या नव्याने उभ्या राहिल्या. हैदराबादच्या मदतीची आठवण म्हणून १५२ क्रमांकाच्या तुकडीला ‘हैदराबाद’ आणि २५३ ला ‘हैदराबाद स्टेट’ ही नावे मिळाली. १५२ च्या बिल्ल्यावर निजामाची दस्तार होती आणि खाली ब्रीद: ‘विश्वासू दोस्त’. २५३ च्या बिल्ल्यावर मुठीत धरलेला हिंदी फरसा होता.

१९४० च्या जुलैत १५२ तुकडी स्पिटफायर घेऊन दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेलच्या धावपट्टीवर आली. पोर्टलंडच्या नौदल तळाचे रक्षण हे तिचे काम. ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीवरून जर्मन विमानांच्या झुंडी येऊ लागल्या तेव्हा ती त्यांच्या वाटेवरच होती. २५३ तुकडी मे महिन्यात फ्रान्समध्ये पोळून निघाली होती. ऑगस्टच्या अखेरीस ती हरिकेन घेऊन लंडनच्या दक्षिणेला केन्लीला आली, अगदी हल्ल्याच्या तोंडावर. या लढाईत दोस्तांच्या बाजूने सुमारे २,९०० वैमानिक आणि तोफची लढले, त्यांतले पाचशेहून अधिक मेले. तेच ते पटावरचे ‘थोडके’.

त्याच आठवड्यांत वऱ्हाडच्या सीमेवर काय चालले होते? मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे काँग्रेस मंत्रिमंडळ १९३९ च्या नोव्हेंबरातच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. १७ ऑक्टोबर १९४० ला, लंडनवर रोज रात्री बाँब पडत असताना, वर्धा नदीच्या पलीकडे पवनार गावात विनोबांनी भाषण केले: माणसे किंवा पैसा देऊन या युद्धाला मदत करू नका. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू ३१ ऑक्टोबरला पकडले गेले, म्हणजे इंग्रजी इतिहासकारांच्या हिशेबाने लढाई जिंकली गेली त्याच दिवशी. पैसा देऊ नका, हे सांगायला विनोबांनी फार योग्य जागा निवडली होती. नदीच्या अलीकडचा मुलूख त्या दिवशीही भाडे भरत होता.

युद्धाने वऱ्हाडला खरा फटका दिला तो डिसेंबर १९४१ मध्ये. जपान युद्धात उतरला आणि आखूड तंतूच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक एका दिवसात शत्रू झाले. युरोपचे बाजार आधीच बंद होते. ऊमरा कापसाच्या गाठी पडून राहू लागल्या. सरकारने आयात होणाऱ्या कापसावर पौंडामागे एक आणा जादा जकात बसवली आणि त्या पैशातून आखूड तंतूच्या कापसाला आधार द्यायचे ठरवले. ‘अधिक धान्य पिकवा’ अशी मोहीम काढली आणि कापसाच्या जागी ज्वारी पेरा म्हणून सांगितले. ज्या कापसासाठी सत्तर वर्षांपूर्वी लॉर्ड मेयो खामगावला आला होता, तो आता पेरू नका म्हणून सरकारच सांगू लागले.

उलट कापड मिळेनासे झाले. गिरण्यांचे कापड लष्कराकडे जात होते. बाजारात धोतराचे पान, लुगडे दिसेना. जून १९४३ मध्ये कापडावर आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले. कापसाच्या राशींवर बसलेल्या मुलखात अंगभर लुगड्याला बायका महाग झाल्या, ही त्या युद्धाची वऱ्हाडी बाजू आहे. आधीच १९४२ चा ऑगस्ट येऊन गेला होता. बेनोड्याला गोळीबार झाला होता, नदीपलीकडे आष्टीला झाला होता. याच १९४२ मध्ये नॉटिंगहॅमला त्या पटाचे विणकाम सुरू झाले. मी दोन्हींच्या तारखा शेजारी मांडतो ते नॉटिंगहॅमच्या कारागिरांना हिणवण्यासाठी नाही. त्यांच्यावरही बाँब पडले होते आणि त्यांचाही लेसचा धंदा बंदच होता. फक्त त्यांच्या युद्धाचे स्मारक झाले. वऱ्हाडच्या त्या वर्षांचे स्मारक बेनोड्याच्या हुतात्म्यांपुरते आहे. कुजत पडलेल्या गाठींचे आणि दुकानासमोरच्या रांगांचे कुठेच नाही.

१५२ तुकडीची गोष्ट पुढे आपल्याच दिशेला येते. उत्तर आफ्रिका, माल्टा, सिसिली, इटली करत ती १९४३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानात आली. १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळवर चालून आल्या तेव्हा निजामाच्या नावाची ही स्पिटफायर विमाने त्यांच्याशी लढली. या विमानांवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. दहा वर्षांपूर्वी ज्या देशाला अकोल्याच्या गाठी जाव्यात म्हणून करार झाले, त्याच देशाशी ही लढाई होती.

१९४६ मध्ये शेवटचा पट यंत्रावरून उतरला. पुढची गोष्ट प्रदर्शनांची आहे. पट ज्यांना मिळाले त्यांतल्या काहींनी ते वर्षानुवर्षे भिंतीवर तसेच ठेवले, आणि उजेडाने सूत पिवळे व ठिसूळ होऊ लागले. सुताच्या जुन्या वस्तूंना उजेड विषासारखा. संग्रहालयांत अशा कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे जेमतेम दिवाणखान्यातल्या संध्याकाळएवढा. शिवाय लेस स्वतःच्या वजनानेही ताणली जाते, म्हणून तिला मागून आधार द्यावा लागतो. त्यामुळे हा पट लोकांसमोर आणायचा म्हणजे त्याचे आयुष्य थोडे थोडे खर्च करायचे. अनेक ठिकाणी तो काही महिने बाहेर काढतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात.

तो कधी आपल्याकडे आला, तर त्याच्याशेजारी काय ठेवावे याचा मी विचार केला आहे. १९०२ च्या करारपत्राची एक नक्कल. बनीचे एक बोंड आणि जरीचे एक बोंड, दोन्हींचा तंतू ओढून दाखवलेला. १५२ तुकडीचा दस्तारीचा बिल्ला. आणि १९४३ सालचे, नियंत्रणाच्या दुकानातून मिळालेले एखादे जाडेभरडे लुगडे, कोणाच्या पेटीत अजून उरले असेल तर. एवढे ठेवले की लेसमधल्या विमानांकडे पाहताना अमरावतीचा माणूस फक्त प्रेक्षक राहणार नाही.

भाड्याचे पुढे काय झाले? १९४७ मध्ये इंग्रज जाणार हे नक्की झाल्यावर निजामाने वऱ्हाडवरचा दावा पुन्हा पुढे केला. ८ ऑगस्टला अकोल्यात मराठी पुढाऱ्यांनी एकत्र बसून अकोला करार केला. त्यात वऱ्हाडच्या भवितव्याचा विचार झाला, निजामाच्या मर्जीचा नाही. तेरा महिन्यांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबादेत भारतीय फौज शिरली आणि मालकीचा प्रश्न निकालात निघाला. वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात राहिले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आझम जाह यांचा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मात्र चालूच राहिला. १९६७ मध्ये उस्मान अली खान वारले तेव्हा निजामाची गादी त्यांना डावलून त्यांच्या मुलाला, मुकर्रम जाह यांना मिळाली, आणि वऱ्हाडचे हे पहिले-शेवटचे युवराज १९७० मध्ये हैदराबादेत निवर्तले.